निळ्या टिपक्यांचे सेल

शनिवार, १९ मे
रॉलिन्स गावाच्या वर, मेंढ्यांच्या माळावरून

प्रिय मार्लाताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज म्हणायचो, आज लिहितो. कधी कागद मिळायचा तर पेन नसायचं, आणि पेन सापडलं की वारा सुटायचा. आता इथे वारा कधी नसतो म्हणा! तेव्हा ते कारण खोटंच. लिहायचं टाळत होतो, एवढंच. आज एलेउतेरियोने बिस्किटांचं खोकं फाडून पुठ्ठा मांडीवर दिला आणि म्हणाला, "लिही पोरा. बहीण आहे ना तुला? मग लिही." त्याचं सगळं गणगोत पेरूच्या डोंगरात. दर रविवारी तो टेकडीवर चढतो, फोनला तिथेच तेवढी रेंज येते. बायकोशी बोलून खाली आला की तासभर एकटाच मेंढ्यांमध्ये फिरतो.

मी बरा आहे. तू कशी आहेस? छोटीला दात आले का? भावजींची पाठ?

राहायला मला चाकांवरची लाकडी खोपी आहे. एक पलंग, एक शेगडी, आणि दाराची वरची फळी वेगळी उघडते, म्हणजे घोड्यासारखं डोकं बाहेर काढून उभं राहता येतं. मी तसाच उभा असतो. समोर काहीच नाही. आधी हरणं दिसायची तेव्हा मजा वाटायची, आता तीही मला ओळखून दुर्लक्ष करतात.

मागच्या चिठ्ठीत मी तुला विचारलं होतं, घरी चार्जरमध्ये निळ्या टिपक्याचे दोन सेल राहिलेत का बघ, आणि आपल्या म्हाताऱ्याला सांगू नकोस. तू लिहिलंस, "आहेत, पण तुला कशाला?" तर ऐक.

मेंढ्या व्यायला लागल्या आहेत. कोयोट म्हणजे कोल्ह्याहून लबाड, त्यांना बरोबर कळतं ते. पहाटे वाळल्या नाल्यातून येतात, ओली कोकरं उचलतात आणि आईच्या डोळ्यांदेखत नेतात. मालकीण अर्लिसबाईंनी मला ठेवलं ते याच कामाला. बंदूक त्यांची आणि भोंगा माझा. भोंगा झुडपात ठेवायचा, आपण लांब वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचं, रिमोट दाबला की त्यातून जखमी सशाचा टाहो निघतो आणि कोयोट धावत येतो. म्हणजे यायला हवा. माझा भोंगा हळू आवाजात छान रडतो, पण आवाज वाढवला की दोन किंकाळ्या मारून मरतो. रिमोटचा दिवा चालू असतो आणि भोंगा गप्प.

"भोंगा आहे की खेळणं?" अर्लिसबाई म्हणाल्या. "माझा नातू याहून जोरात रडतो."

मी सेलांवर संशय घेतला. लाल टिपक्यांचे आठ त्यांच्या धुण्याच्या खोलीत रात्रभर चार्जरला लावले. सकाळी तस्सेच, थंडगार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार्जर मेला म्हणून मी तो फेकणारच होतो. शेवटी बाई कपडे घेऊन बाहेर पडल्या, सवयीने भिंतीवरचं दिव्याचं बटण बंद केलं आणि माझ्या डोळ्यांसमोर चार्जरचा दिवा विझला! त्या खोलीतला प्लग दिव्याच्याच बटणावर आहे. बाई काटकसरी, रोज दिवा घालवायच्या आणि माझे सेल उपाशी झोपायचे. मी दाखवलं तर म्हणतात, "मग वीज काय तुझ्या सशासाठी जाळू?" पण आता बटणावर चिकटपट्टी लावली आहे. त्यांनी स्वतःच लावली.

तर लाल भरले. तरी तेच! मग आपल्याकडे करायचे तसं केलं. विजेरीतला बारका बल्ब काढून एकेक सेल त्याला टेकवला. नुसता मीटर लावला तर सगळे सेल शहाण्यासारखे वागतात, ताण पडला की खरा स्वभाव कळतो. सात जणांनी बल्ब धरून ठेवला. आठव्याने क्षणभर पेटवला आणि मान टाकली. एक असा असला की बाकीचे सात त्याला ओढत बसतात आणि सगळेच बसतात. तो काढला. राहिले लाल सात, आणि भोंग्याला लागतात आठ. निळे माझ्याकडे सहाच. सामानाची गाडी मंगळवारी येणार.

म्हणून मी सहा निळ्यांत दोन लाल घातले.

ओरडू नकोस. मला ठाऊक आहे. लाल लालांबरोबर, निळे निळ्यांबरोबर, एकत्र भरायचे आणि एकत्र रिकामे करायचे. तुझ्या नेलपॉलिशच्या बाटल्या ते टिपके द्यायलाच पळवल्या होत्या म्हाताऱ्याने, आणि तू लग्नाच्या बोलणीला बिनरंगाच्या नखांनी बसलीस. "कुटुंब मोडायचं नाही," असं म्हणायचा सेलांना. सेलांना!

काल पहाटे ते मिसळलेले सेल घालून बसलो. मोठी मादी आली. पलीकडच्या उतारावरून सरळ माझ्याकडे, जीभ बाहेर, मला तिच्या छातीवरचे पांढरे केस दिसायला लागले होते. अजून थोडी जवळ हवी होती. आणि भोंगा मेला. ती थांबली. मी हाताच्या पाठीला ओठ लावून चूं चूं करून पाहिलं, म्हातारा करायचा तसं, पण तोंड कोरडं पडलेलं, आवाजच निघेना. तिने माझ्याकडे बघितलं आणि आली तशी निघून गेली. उजाडल्यावर दोन कोकरं कमी होती.

अर्लिसबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघते, बाळ. नाहीतर नदीपलीकडून दुसरा माणूस बोलवावा लागेल. तू पोरगा वाईट नाहीस."

ताई, मला इथून जायचं नाही. आजवर प्रत्येक ठिकाणाहून मीच निघालो. तेलाच्या विहिरीवरून, त्या हॉटेलातून, ट्रकात बैल चढवायच्या यार्डातून. कुणी काढायच्या आतच निघायचो, म्हणजे कुणी काढलं असं होत नाही. मी घरातून निघालो तेव्हा म्हातारा दारात उभा राहून म्हणाला होता ना, "जाशील तिथून पळशील." दोन वर्षं झाली, आणि मी पळतोच आहे. हे एक ठिकाण मला टिकवायचं होतं. कोकरं पाय झाडत उभी राहतात ना, ते बघायला मी आपण होऊन लवकर उठतो. मी, लवकर!

एलेउतेरियोने मटणाचं सूप आणून दिलं. त्यात बटाटा किती! काय लिहीत होतो?

हां. सेल. तुला वाटेल, लाल आठवा मेला आणि निळे मिसळले, म्हणून एवढं झालं. पण बटणाला पट्टी लावल्यापासून सहा निळे पहिल्याच रात्री पूर्ण भरले होते. बल्बला लावून बघितले होते मी, एकेक लख्ख. मग पहाटेपर्यंत ते अर्धे कसे व्हायचे? एलेउतेरियो म्हणतो थंडी. थंडीने होतं थोडं, म्हणून तर मी सेल अंगातल्या शर्टात घेऊन झोपतो.

थंडी नव्हे.

त्या भोंग्यात विकतचे आवाज शंभरएक असतील. सशाचे, हरणाच्या पाडसाचे, कुत्र्याच्या पिल्लाचे. पण एक म्हाताऱ्याने स्वतः भरलेला आहे. मी नऊ वर्षांचा असेन, मागच्या कुरणात गवतात पडलो होतो आम्ही दोघं. तो तोंडाने सशासारखा ओरडतो, लांबलचक, पण त्याआधीच आवाज भरायचं यंत्र चालू झालेलं त्याच्या लक्षात आलं नाही. कुजबुज आहे तिथे. "हलू नकोस, कॉर्बी. मी आहे ना इथे." एवढंच. मग एक खोकला आणि मग ससा.

रोज संध्याकाळी दार लावून मी ते लावतो. ससा सुरू व्हायच्या आधी बंद करतो. पुन्हा लावतो. सुरुवातीला एकदाच लावायचो.

त्यामुळे सेल मरतात. सगळी तपासणी केली, पण हे कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, अर्लिसबाईंना तर नाहीच. तूही हसू नकोस. आणि हसलीस तर त्याला कळू देऊ नकोस. भोंगा मी उचलून आणला असं त्याला वाटत असेल, तर वाटू दे. पण खरं म्हणजे मी निघालो त्या दिवशी भोंगा आधीच माझ्या गाडीच्या सीटवर होता. मी ठेवला नव्हता. तू ठेवलास का? नाही ना?

एलेउतेरियो ओरडतोय. रस्त्यावर धूळ दिसते आहे म्हणे. "अर्लिसबाई?" विचारलं तर म्हणतो, "नाही पोरा, बाई एवढी हळू नाही चालवत." जरा बघून येतो.

ताई.

म्हाताऱ्याची गाडी. हिरवं दार, फुटका दिवा. मार्ले, तू सांगितलंस ना त्यांना? तुला काय सांगितलं होतं मी!

दाराशी आले. टोपी काढली नाही, आत आले नाहीत. केस किती पांढरे झालेत, लिहिलं नाहीस ते. एवढ्या लांबून, नेब्रास्कातून, एकटे गाडी चालवत आले. मूठ पुढे केली आणि उघडली. निळ्या टिपक्यांचे दोन सेल, घामाने ओले.

"चार्जरमध्येच राहिले होते," म्हणाले. मग भोंग्याकडे बघून, "लाल नाहीस ना मिसळलेस?"

"नाही," मी म्हणालो.

बाहेर एलेउतेरियोला खोकला आला.

ते आता पायरीवर बसलेत, माझ्याकडे पाठ करून. मी लिहितोय ते कळलंय त्यांना. "आटप सावकाश, मी आहे इथे," असं म्हणाले. इथेच थांबतो. सूप उरलंय, त्यांना गरम करून देतो. बाबा आलेत, ताई.

तुझा, अजून न पळालेला,
कॉर्बी