सतरावं पाकीट

सास्कॅचेवान, ९ एप्रिल १९५७

प्रिय ओरिशिया,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून मनातल्या मनात मला शिव्या घातल्या असशील, त्या सगळ्या मान्य. बाळाचा फोटो मिळाला. नाक थेट तुमच्या घराण्याचं आहे गं, बिचाऱ्याची सुटका नाही. इथे बर्फ अजून खिडकीच्या काठापर्यंत आहे. वॉर्डातली माणसं हिवाळ्याला कंटाळून एकमेकांवर खेकसतात, आणि मी त्यांच्यावर.

मागच्या आठवड्यात डॉक्टर ॲश्बर्न यांचा प्रयोग संपला, आपला वासिल ज्यात होता तो. तेव्हा घाईत काहीबाही सांगितलं होतं, आज नीट सांगते. आमच्या खास वॉर्डात सकाळी उपाशीपोटी इन्सुलिन टोचायचं. माणूस घामाने निथळत बेशुद्ध पडायचा, मग नाकातल्या नळीतून साखरेचं पाणी देऊन त्याला परत आणायचं. असं पन्नास-साठ सकाळी. त्याने डोक्यातले आवाज थांबतात, असं सगळे म्हणत. मीही छातीठोकपणे म्हणायचे, माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना! डॉक्टर म्हणायचे, "थोरा, तुझ्या डोळ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि माझ्या डोळ्यांवर तर त्याहून नाही." वेड लागलेल्यांचे दात उपटून झाले, ओल्या गार चादरींत करकचून गुंडाळून झालं, मुद्दाम मलेरियाचा ताप आणून झाला, आणि दर वेळी भले भले डॉक्टर शपथेवर सांगत होते की रोगी सुधारतायत. इन्सुलिनवाल्यांना तर वर गरम नाश्ता, पत्त्यांचे डाव, हात धरायला नर्स. मग बरं कशाने वाटतं, सुईने की मायेने?

म्हणून छत्तीस माणसं घेतली. माया सगळ्यांना सारखी, पण निम्म्यांना इन्सुलिन आणि निम्म्यांना नुसतं झोपेचं औषध. कुणाला काय, हे कुणीच ठरवायचं नाही. चिठ्ठ्या बंद पाकिटांत, माणूस आला की पुढचं पाकीट फोडायचं. सुधारणा मोजणाऱ्यांना चिठ्ठीतलं काही कळू द्यायचं नाही. पाकीट फोडायचं काम माझं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सख्ख्या भावासाठीसुद्धा पाकीट बदलायचं नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आणि मग तू आलीस. हातात बटाटा भरलेल्या पिरोगींचा डबा, नाक रडून लाल. "माझ्या भावाला खरं औषध दे गं. झोपेच्या गोळ्या काय, मी घरीही देईन त्याला." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. "दगड आहेस मेली, दगड!" म्हणालीस आणि डबा टेबलावर आपटून निघून गेलीस. पिरोगी मात्र मी सगळ्या खाल्ल्या, रडत रडत.

मला कोपऱ्यात बसून रेडिओशी भांडणारा वासिल आठवतच नाही. गावच्या हॉलमध्ये माझ्याबरोबर नाचला होता तो आठवतो. तीन गाणी झाली, तीनही माझ्याच पायांवर. तुला कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर मी दुसऱ्या कुणाबरोबर नाचले नाही. वॉर्डात रोज सकाळी सुई टोचताना तो विचारायचा, "परत आणशील ना?" मी म्हणायचे, "न आणून काय करू? तुझी बहीण मला सोलून काढेल." अठरा सकाळी आणला. एकोणिसाव्या सकाळी नळीतून साखर दिली, शिरेतून दिली, गालावर चापट्या मारल्या, तुझं नाव घेऊन हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी तुला सांगितलं, चिठ्ठीत निघालं ते मिळालं, कुणाचाच दोष नाही.

आता निकाल लागलाय. काही फरक नाही, ओरिशिया. इन्सुलिनवर जितके सुधारले, तितकेच झोपेच्या औषधावर. वासिलच्याच सकाळी, त्याच्या पाठोपाठ, लॉइड नावाचा मधमाश्या पाळणारा माणूस दाखल झाला होता. तो झोपेच्या औषधावर बरा होऊन घरी गेला. त्याने वॉर्डाला मधाची बरणी पाठवलीय. ती माझ्यासमोर आहे, आणि मला तिचं झाकण उघडवत नाही.

तू लिहिलंयस, "तेव्हा तुला दगड म्हटलं. पण माझं ऐकलं असतंस, तर मीच भावाला मारलं म्हणत जन्मभर कपाळ बडवलं असतं. तू ऐकलं नाहीस म्हणून मला झोप लागते. बाळाचं नाव वासिल ठेवतोय, त्याची धर्ममाता तूच हो." ओरिशिया, मी ऐकलं होतं. त्याच्या सतराव्या पाकिटात झोपेचं औषध निघालं. मी लॉइडचं अठरावंही फोडलं, त्यात इन्सुलिन होतं, आणि चिठ्ठ्या बदलल्या. तू मागितलंस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. बहिणीने मागायचंच असतं, नाही म्हणायचं काम माझं होतं. आणि मी बदललं ते तुझ्यासाठी नव्हे, मला तो परत नाचायला हवा होता. आज सकाळी डॉक्टरांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिल घेऊन तक्त्यातल्या दोन ओळी खोडल्या, छत्तीसचे चौतीस केले. निकाल तोच राहिला. वासिल गेला तो गेलाच, आता तक्त्यातही नाही. तुझी झोप तुला राहू द्यावी, असं तीन आठवडे मनाला समजावत होते. पण तुला हे ठाऊक नसताना त्या पोराला हातात घेऊन देवापुढे उभी राहणं माझ्याच्याने व्हायचं नाही. बारशाच्या रविवारी मी सकाळच्या बसने येईन. थांब्यावर तू नसलीस तर मी उतरणार नाही, तीच बस पुढे वळून परत इकडे येते.

अजून म्हणू देत असशील तर तुझीच,
थोरा