शटल धरणारा हात

शिरूर (घोडनदी)
५ जानेवारी २०२५

ती. आप्पांना,
ललिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेल्याचं मल्हारीकडून कळलं. म्हणजे आता फोनवर मी ओरडायचं, सगळ्या गल्लीनं ऐकायचं आणि तुम्ही भलतंच उत्तर द्यायचं. त्यापेक्षा पत्र बरं. रेल्वेच्या नोकरीनं तुमचे कान नेले, पण डोळे अजून शाबूत आहेत.

बातमी आनंदाची आहे. फेब्रुवारीत इंदूरला अपंग खेळाडूंची आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा आहे. त्यात पुरुष दुहेरीत तुमचा मुलगा आणि तुमचा जावई ही जोडी घेतली आहे. मल्हारीचा उजवा हात जन्मापासून लुळा, यांचा डावा हात कंपनीत प्रेसखाली सापडलेला. दोघांचे मिळून दोन हात धड, म्हणजे एक पुरा माणूस झाला, असं हे सगळ्यांना सांगत सुटलेत आणि स्वतःच हसतात. आप्पा, हे हसतात एवढंच मला पुरे आहे. अपघातानंतर हा माणूस हात खिशात घालून बसला होता. कुणाच्या लग्नाला जाईना. कंपनीनं गेटवर बसवलं, तर येणारे-जाणारे हाताकडे बघतात म्हणून ते कामही सोडलं. मल्हारीनं ओढून खेळायला नेलं नसतं तर पुढं काय झालं असतं, याचा मी विचारच करत नाही.

सराव अजून मंगल कार्यालयातच चालतो. दगडोबामामा तिथली देखरेख करतात, त्यांनी फरशीवर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारू दिलेत. लग्नाची तिथी असली की वऱ्हाडाच्या पंगती त्या पट्ट्यांवरच बसतात. सर्व्हिस करताना शटल डाव्या हाताच्या चिमटीत धरावं लागतं आणि तेच यांना जमत नव्हतं. म्हणून माझ्या कंपनीतली पाळी संपवून मी घरी आले की रोज तिळाच्या तेलानं तो हात चोळते. मग हे चिमटीनं ज्वारीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत बसतात. आता शटल सुटत नाही.

एकच धाकधूक आहे. तिथं परदेशी डॉक्टर हात नव्यानं तपासणार आहेत. आपल्याकडच्या स्पर्धांत नुसता दाखला चालायचा.

थंडीत कानटोपी घाला. माया आहे तशीच असू द्या.
तुमची ललिता

दौंड
१३ जानेवारी २०२५

चि. सौ. ललितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. तुझ्या आईच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचलं. किती मोठ्यानं ते मला कळलं नाही, पण शेजारची तुळजाबाई येऊन पेढे मागून गेली.

भारतरावांना माझा निरोप सांग. डॉक्टरांपुढं तोंड पाडून बसू नका म्हणावं. हात जेवढा चालतो तेवढा पुरा दाखवा. आपल्या घरात दुखणं पुढं करून कुणी काही मागितलेलं नाही. एवढी मेहनत घेतली आहे, ती त्या लोकांनाही दिसू दे.

इंदूरची गाडी आपल्या दौंडातूनच सुटते, हे आपलं नशीब. दोघांना बसवून द्यायला मी स्टेशनवर असेन, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मल्हारी म्हणतो, आप्पा, खेळाडू चटणी खात न्हाईत. तो आत्तापासूनच मोठा झाला आहे.

कंपनीतल्या पाळ्या करताना तब्येत सांभाळून राहा. आमची आठवण धरून असावे.
तुझा आप्पा

दौंड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ललितास,
आशीर्वाद.

परवा गाडी आली. मी हार घेऊन गेलो होतो. भारतराव उतरले, माझ्या पाया पडले आणि तसेच एसटी स्टँडकडे निघाले. चहालासुद्धा थांबले नाहीत. मी मल्हारीच्या तोंडाकडे बघत राहिलो. घरी आल्यावर त्यानं सगळं कागदावर लिहून दाखवलं.

भारतरावांचा हात नियमाला पुरेल एवढा अधू नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. ते बाद झाले, म्हणून जोडी बाद. सोलापूरचा ज्ञानदेव नावाचा मुलगा होता, त्याचाही जोडीदार आजारी पडला होता. मल्हारीनं त्याच्याबरोबर खेळावं अशी सोय होत होती. मल्हारी नको म्हणाला आणि दाजींबरोबर परत आला.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. हात पुरा दाखवा, असं मीच लिहिलं होतं. त्यांनी माझं ऐकलं असेल का? झोप लागत नाही. तू खरं काय ते लिही, म्हाताऱ्याला सांभाळून घेऊ नको.

तो हार देवाला घातला. तुमच्या दोघांच्या कुशलाची वाट पाहतो.
तुझा आप्पा

शिरूर
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना,
ललिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा काही दोष नाही. डॉक्टरांपुढं खोटं चालत नसतं. त्यांनी चिमटीत कागद धरायला लावला आणि पलीकडून ओढला. तो सुटला नाही. मग त्यांनी विचारलं, हाताला इतकं बळ कुणी आणलं, फार छान काम केलंय. यांनी माझं नाव सांगितलं. शटल सुटू नये म्हणून मी जो हात चोळत होते, त्याच हातानं यांना बाहेर काढलं. आप्पा, मी कुणाला दोष देऊ?

पण लिहायचं आहे ते वेगळंच. इंदूरला कुणीतरी यांना सांगितलं, की पुढं हात बिघडला तर पुन्हा तपासणी होते. आल्यापासून हे मला तेल लावू देत नाहीत. ज्वारीची वाटी त्यांनी कोंबड्यांपुढं ओतली. हात पंच्यानं घट्ट बांधून गळ्यात अडकवतात, जेवतानासुद्धा सोडत नाहीत. बोटं आत वळायला लागलीत. मी रडले, भांडले. म्हणतात, वरीसभर कळ काढ, एवढा हात गेला की झालं, मल्हारी थांबलाय की माझ्यासाठी. हे सांगताना त्यांच्या तोंडावर पुन्हा हसू येतं. मला त्या हसण्याची भीती वाटते.

म्हणून एक मागते. मल्हारीनं ज्ञानदेवबरोबर नाव द्यावं, आणि इथं येऊन ते यांना स्वतःच्या तोंडानं सांगावं. खोटंखोटं नको, खरंच द्यावं. यांची आशा तुटल्याशिवाय हात सुटणार नाही. भावाकडं असलं मागणं मागायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

रागावू नका, एवढंच आज मागते.
ललिता

दौंड
३ मार्च २०२५

चि. ललितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मल्हारीला वाचायला दिलं. तो माझ्याकडं पाठ करून बसला. मग मान हलवली. रविवारी येतो आहे. त्याच्याशी बोलताना तू धीर धर, तो तुझ्याहून लहान आहे.

देव तुम्हाला सांभाळो.
तुझा आप्पा

शिरूर
१९ मार्च २०२५

ती. आप्पांना,
ललिताचा शि. सा. न. वि. वि.

मल्हारी आला तो पेरू घेऊन. बराच वेळ पेरूंचंच बोलत होता. मग खाली बघून म्हणाला, की दाजी, मी ज्ञानदेवबरोबर नाव दिलंय. हे म्हणाले, बरं केलंस, आधीच करायला पायजे हुतं. त्याला आग्रह करून जेवू घातलं, स्टँडवर सोडून आले. परत आल्यावर गळ्यातला पंचा सोडला आणि हात माझ्यापुढं धरला. मी तेल आणलं. चोळता चोळता मला रडू आलं, जिंकले असं वाटलं.

त्या दिवसापासून रोज हात पुढं करतात. बोटं सरळ व्हायला लागलीत. मी चोळते आणि हे दाराकडं बघत बसतात. चोळून झालं तरी हात मागं घेत नाहीत. घ्यायचं ध्यानातच राहत नाही त्यांच्या.

काल सकाळी थिनरचा डबा घेऊन बाहेर पडले. मला भीती वाटली, म्हणून सुट्टी टाकून मागोमाग गेले. मंगल कार्यालयात फरशीवर उकिडवे बसून ते आपल्या कोर्टाचे पट्टे पुसत होते. दगडोबामामांनी पुसायला सांगितलं नव्हतं, हेच आपणहून त्यांना म्हणाले होते की आता लगीनसराई आली. डाव्या हातात फडकं होतं. जोर लावून घासत होते आणि फडकं एकदाही सुटलं नाही. मी दारातच उभी राहिले.

सर्व्हिसचा पट्टा शेवटी पुसला. मामा कौतुकानं म्हणाले, की भारतराव, हात अगदी ब्येस झाला की तुमचा. हे व्हय म्हणाले, उठले, आणि तो हात खिशात घातला. घरापर्यंत बाहेर काढला नाही.

उत्तर सुचलं नाही तरी चालेल, पत्र मात्र पाठवत राहा.
तुमची ललिता