गवत फार हिरवं झालं त्या वर्षी

शीत्सो, मिन नदीचं मुख
१० एप्रिल १९८५

चि. रुईयिंग हिस,
अ. उ. आ.

छिंगमिंगच्या सणाला आईच्या थडग्यावरचं तण काढलं. तुझ्या नावाने भाताची एक वाटी ठेवली. ती शेजाऱ्याच्या कोंबडीने खाल्ली, तेव्हा तुझं पुण्य तिला गेलं.

यंदा आपल्या खाजणातलं चटईचं गवत तू ओळखणार नाहीस. माझ्या छातीपर्यंत आलंय आणि रंग इतका गर्द की जवळजवळ काळा. चटईवाले आत्ताच विचारून गेले, खेकडे बांधायला गवत नेणाऱ्या बायकाही. मी खूश आहे, पण बाबा तोंड पाडून बसलेत. नदीचं गोडं पाणी वर अडवल्यापासून भरती पुष्कळ आत चढते, हे खरं. ते रोज ओहोटीला खाली उतरतात, चिमूटभर चिखल जिभेवर ठेवतात आणि थुंकून म्हणतात, की जमीन कोठारातलं सगळं एकदम वाढून टाकतेय. आपल्या घरची चाल तुला ठाऊक आहे. गवत असं काळवंडलं की निम्मे गड्डे उपटून नदीच्या वरच्या अंगाला दोन वळणांपलीकडे लावायचे, तेही होड्यांच्या शर्यतीच्या सणाआधी. म्हणजे हातचं निम्मं पीक गेलं. तुझी वहिनी म्हणते, मामंजींना गवत वाळलं तरी काळजी, माजलं तरी काळजी.

शेवटी मीच म्हटलं, रुईयिंग मातीच तपासते, तिला विचारू. बाबांनी लगेच मान डोलावली. तू म्हणशील तसं करतील. डब्यात चिखल पाठवतोय. वास आला तर कचेरीत सांग, माहेरचं अत्तर आहे.

उत्तर लवकर दे, आणि आमची आठवण नुसती डब्यापुरती ठेवू नकोस.

तुझा,
मूशंगदादा


हफेई
२९ एप्रिल १९८५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अत्तर पोचलं. आमच्या शिपायाने डबा दोन बोटांनी धरून आणला.

चिखल दोनदा तपासला, कारण पहिला आकडा पाहून मला माझ्याच हाताची शंका आली. गवताला लागणारं नत्र नेहमीच्या जवळजवळ दुप्पट आहे. मीठही वाढलंय, पण आपलं गवत खाऱ्या पाण्यातच वाढलेलं. जमिनीचं पोट भरलेलं आहे. निम्मं पीक उपटायला मला काही कारण दिसत नाही. तसं ती. बाबांना सांग. आणि या वयात चिखल चाखू नका म्हणावं, जंत होतील. त्यांच्या जिभेपेक्षा माझी काचेची नळी बरी. हे वाक्य उद्धट झालं, पण ते हसतील म्हणून खोडत नाही.

मी घाईने तर लिहीत नाही ना, असं कालपासून स्वतःला विचारतेय. नाही. आकडे स्पष्ट आहेत.

वहिनीच्या हातचे लाल दारूच्या गाळात मुरवलेले मासे फार आठवतात. बाबांच्या पायावर डोकं. तुम्हा सगळ्यांची माया आहे तशीच राहावी, एवढंच मागते.

तुझी,
रुईयिंग


शीत्सो
१८ ऑक्टोबर १९८६

चि. रुईयिंग हिस,
अ. उ. आ.

दीड वर्ष गवताबद्दल मुद्दामच काही लिहिलं नाही. आता लिहायला हवं.

तुझं पत्र आलं आणि आम्ही गड्डे हलवले नाहीत. त्या वर्षी पीक भरघोस आलं. यंदा गवत गुडघ्याएवढं आहे, पिवळं. चटईसाठी काडी उभी चिरायला घेतली की मध्येच तुटते. खेकडेवाल्या बायका म्हणाल्या, याने बांधला तर खेकडा आमच्याआधी बाजारात पोचेल.

बाबा रोज ओहोटीला तळ्यातला गाळ टोपलीने वाहून मुळांशी घालतात. भरती तो घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली. मी ओरडलो तर म्हणाले, पोट भरलेलं आहे असं पोरीने सांगितलं होतं, तेव्हा आपल्याच निगराणीत काही चुकलं असणार. उन्हाळ्यात चाळीस गड्डे वरच्या काठाला लावून पाहिले. एकानेही मूळ धरलं नाही. हल्ली जेवताना तुझ्या वहिनीला विचारतात, सारात मीठ बरोबर आहे का. म्हणतात, माझी जीभ कामातून गेली.

गेल्या आठवड्यात टोपलीसकट पडले. तेव्हापासून छातीत घरघर आहे. पुन्हा चिखल पाठवतोय. बघ, काय म्हणतो.

जपून राहा आणि आमच्यावरचं मन काढू नकोस.

तुझा,
मूशंगदादा


हफेई
९ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. मला वाचवायला त्यातलं काही गाळू नकोस.

चिखलात आता नत्र जवळजवळ उरलेलं नाही. मग मी गेल्या वर्षीचा आकड्यांचा कागद काढला. वर्षानुवर्षांच्या गाळातून आलेलं नत्र मातीच्या कणांना चिकटून राहतं. मीठ आत शिरलं की कणांवरची जागा ते बळकावतं आणि नत्राला हुसकून लावतं. सुटलेलं नत्र मुळांना आयतं मिळालं, म्हणून गवत तसं काळंभोर झालं. उरलेलं ओहोटीबरोबर समुद्रात गेलं. आता भरतीच्या गाळातून येईल तेवढंच, आणि मीठ मुळांना तेही नीट उचलू देत नाही. मी दुप्पट म्हणून मोजलं ते जमिनीने साठवलेलं नव्हतं, तिच्या हातून सुटत चाललेलं होतं.

मिठाचा आकडा त्याच कागदावर होता, दोन ओळी खाली, माझ्याच अक्षरात. दोन्ही एकत्र वाचले नाहीत. ज्ञान कमी पडलं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. माझे वडील चिखल चाखून सांगतात याची मला इथे लाज वाटत होती. त्यांचं चूक निघावं असं मला हवं होतं.

बाबा, तुमची जीभ बरोबर होती. त्या वसंतात गड्डे धडधाकट होते, वर रुजले असते. निगराणी चुकली नाही. मी चुकले. आता टोपली उचलू नका.

उद्या तीन आठवड्यांच्या सर्वेक्षणाला निघायचं आहे. आधी तुमच्याकडे यावं असं दोनदा मनात आलं, पण माझ्याऐवजी जाणारं कुणी नाही. हे कारण आहे की सबब, मला ठरवता येत नाही. परतले की थेट येते.

रागवा, पण आपली म्हणा.

तुझी,
रुईयिंग


शीत्सो
२४ नोव्हेंबर १९८६

चि. रुईयिंग हिस,
अ. उ. आ.

बाबा सोळा तारखेला गेले. तार केली होती. उलट तार आली की तू डोंगरात आहेस, निरोप पोचणार नाही. परतशील तेव्हा हे पत्र टेबलावर असेल, म्हणून सगळं लिहितो.

शुद्ध शेवटपर्यंत होती. त्या दुपारी मला म्हणाले, रुईयिंग आली की आपण कुठे चुकलो ते विचारून घे, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

चटईचं गवत पिकवणारा गेला की त्याला त्याच्याच गवताच्या चटईवर ठेवतात. मी आणि तुझी वहिनी सबंध दिवस विणत बसलो. दर तिसरी काडी तुटत होती. शेवटी डोक्याखाली पुरेल एवढी झाली. बाकीची बाजारातून आणली.

तुझं पत्र चौथ्या दिवशी आलं. अंगणात उभ्यानेच वाचलं. मी रागावलो आहे, किती ते मलाच कळत नाही. तुला विचारू असं मीच म्हटलं होतं, हेही विसरलेलो नाही. तुझी वहिनी म्हणाली, निदान घरात पूजेला ठेवलेल्या त्यांच्या नावाच्या पाटीसमोर वाचा. उभा राहिलो. घसा साफ केला. तू त्यांना हाक मारतेस तिथपर्यंत पोचलो आणि पुढे जमलं नाही.

एकोणपन्नासावा दिवस तीन जानेवारीला आहे. तोवर माणूस घराच्या आसपास असतो असं आपल्याकडे धरतात. तू धरतेस की नाही, ते मी विचारत नाही. पत्र घडी करून पाटीमागे ठेवलंय.

ये, आणि तूच वाच. जरा मोठ्याने वाच. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू येत होतं.

तुझा,
मूशंगदादा