अण्णाच्या जीपचं मॉडिफिकेशन

२ जुलै १९७२, रविवार
आजपासून रोजनिशी. स्वरूप टेक्निकल. मनातलं वगैरे लिहायचं नाही.
अण्णाची जीप दारात आली. मिलिटरी डिस्पोजलची, फोर व्हील ड्राइव्ह. थोरल्या भावाची वस्तू, पण काशम्मा वैनींनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. अट एकच. वर्ष भरायच्या दिवशी, म्हणजे २१ जानेवारीला, मी स्वतः चालवून ह्याच गाडीतून त्यांना मंगळवेढ्याच्या रानात, अण्णाच्या समाधीवर न्यायचं. म्हटलं, जानेवारी कशाला, श्रावणातच नेतो.
अर्थात गाडी आहे तशी नेणं मूर्खपणा. आमचं रान काळं. पाऊस लागला की माती चाक धरते ते सोडत नाही. मध्ये नाला. म्हणून योजना: मोठे टायर, पुढं विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचा तारेचा रहाट), सायलेन्सरचा पाइप टपापर्यंत वर. ड्रॉइंग मास्तर असल्याचा फायदा: रात्री जेवणाआधी फुल शीटवर प्लॅन आणि एलेव्हेशन तयार. शाई सुंदर बसली आहे.
सौ. दाक्षायणी म्हणाली, आधी गिअर टाकायला शिका. बायकांना एलेव्हेशन कळत नाही.

३ जुलै
होटगी रोडला ट्रायल. इंजिन उत्तम. मी उत्तम.
दोष एकच. गाडी डावीकडे झुकते. डाव्या सीटवर कोणी नव्हतं.
निदान: स्प्रिंगचे पाटे थकलेत. डाव्या बाजूला एक पान वाढवणे.

९ जुलै, रविवार
मायाप्पाला कामावर घेतलं. अण्णाच्या तेल गिरणीवर ड्रायव्हर होता, फिटरकामही करतो. शीट दाखवली. व्हय की मास्तर, लई ब्येस हुईल, म्हणाला. शीट उलटी धरली होती, पण समज चांगली आहे.
पान वाढवलं. गाडी अजून डावीकडेच झुकते. मायाप्पाला विचारलं तर त्यानं डाव्या सीटला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि म्हणाला, मालक अंगानं दणकट हुते.
हे उत्तर टेक्निकल नाही.

१६ जुलै
जकात नाक्यावर थांबलो. आतल्या म्हाताऱ्या कारकुनानं वाकून बघितलं, डाव्या बाजूला नमस्कार केला आणि विचारलं, काय मालक, बरेच दिवसांनी? मग माझ्याकडे वळून म्हणाला, जाऊ द्या.
चष्म्याचा नंबर वाढला असणार. सरकारनं अशा लोकांना नाक्यावर ठेवू नये.
घरी येईपर्यंत डावीकडे बघितलं नाही. ड्रायव्हरनं समोरच बघायचं असतं.

१७ जुलै
एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. आमच्यात भूत नाही. माणूस गेला की लिंगैक्य होतो, लिंगात मिळतो. म्हणून आम्ही सुतक पाळत नाही, पिंड घालत नाही, कावळ्याची वाट बघत नाही. मायाप्पाच्या लोकांत असेल तसलं काही. आमच्यात सोयच नाही.
हे दाक्षायणीला सांगितलं. ती म्हणाली, मी कुठं काय विचारलं?

३० जुलै, रविवार
पाऊस नाही. हरकत नाही. उशिरा येणारा पाऊस जोरात येतो. विंच पाहिजेच.
आज गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा डाव्या सीटची स्प्रिंग वाजली. हूं. परत खड्डा, परत हूं. अण्णा असाच हुंकार द्यायचा. मी काही सांगायला लागलो की पान चघळत हूं, आणि ऐकत मात्र नसायचा.
स्प्रिंगमध्ये एरंडेल घातलं. आता जास्त स्पष्ट येतो.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर वैनी शेंगापोळ्या घेऊन आल्या. कधी जायचं, भावजी, एवढंच विचारलं. म्हटलं, टायर आले की लगेच. शीट दाखवली. त्यांनी नीट पाहिली. रंग छान दिलाय म्हणाल्या.
जीपमधून घरी सोडायला निघालो. वैनी मागच्या बाकावर चढायला लागल्या. म्हटलं, पुढं बसा, मागे दणके बसतात. तर म्हणाल्या, पुढं हे बसतात की.
अगदी सहज. चहात साखर आहे की, अशा आवाजात.
वाटभर मागून पुढच्या सीटशी कानडीत बोलत होत्या. नळाला पाणी येत नाही, गिरणीचं कुलूप बदललं, असलं घरगुती. स्प्रिंग मधून मधून हूं म्हणत होती. मी फार लक्ष देऊन गाडी चालवली. दोनदा बंद पडली.

२० ऑगस्ट, रविवार
नवीन निर्णय. डावी सीट काढणे. कारण पूर्णपणे टेक्निकल: त्या जागी टूलबॉक्स आणि पाण्याचा कॅन बसेल. ऑफ-रोड गाडीत सीट ही चैन आहे.
सुधारित शीट काढली. मायाप्पानं सीट एका झटक्यात काढली. मी सांगायच्या आधीच पाना घेऊन उभा होता.

२७ ऑगस्ट
टूलबॉक्स बसवला. त्यावर बसता येईल असा नको म्हणून वरचं झाकण उतरतं केलं. छत्री ठेवली तरी घसरते.
वैनी आल्या होत्या. रिकामी जागा पाहिली. सीट कुठं आहे विचारलं. परसात पडली होती, पत्र्याखाली. त्यांनी रिक्षा बोलावली, सीट शेजारी ठेवून घरी नेली. टाकाऊ सामानाची विल्हेवाट लागली. बरंच झालं.

१० सप्टेंबर, रविवार
झुकणं थांबलं. म्हणजे दोष सीटमध्येच होता. सीटचं वजन आम्ही धरलंच नव्हतं.
मात्र एक नवीन त्रास. स्टिअरिंग धरलं की तळव्यांना भार येतो. स्टिअरिंगचा नव्हे. खांद्यांचा. भरलेल्या, गार खांद्यांचा.
कारण मला माहीत आहे, म्हणून घाबरायचं काही नाही. जानेवारीत अण्णाला ह्याच जीपमधून रानात नेलं. आमच्यात माणसाला बसवूनच नेतात, बसवूनच मातीत ठेवतात. पुढच्या सीटवर बसवला, कपाळाला विभूती, गळ्यात हार. मायाप्पा चालवत होता. मी मागे बसून सोलापूर ते रान त्याचे खांदे धरून ठेवले होते. खड्डा आला की मान हलायची, माझं काहीतरी पटल्यासारखी. आयुष्यात पहिल्यांदाच.
हे लिहायचं नव्हतं. स्टिअरिंगला कातडी कव्हर घालणे.

१ ऑक्टोबर, रविवार
पाऊस नाहीच. शाळेतली बहुतेक मुलं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. वर्गात समभुज चौकोन शिकवायला फक्त बाकं.
सायलेन्सरचा पाइप टपापर्यंत गेला. आता पाणी छातीभर आलं तरी इंजिन चालेल.
दाक्षायणी म्हणाली, कुठलं पाणी? नळाला नाही, आडाला नाही, नाल्यात कुठून येणार? मग म्हणाली, थोरल्या भावजींना नेलं त्या दिवशी ना तुमचा विंच होता ना पाइप. गाडी गेलीच की. नाचता येईना अंगण वाकडं.
त्या दिवसाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा आम्ही खूप जण होतो.

१५ ऑक्टोबर
कव्हर घातलं. भार कव्हरातून येतो. सुती हातमोजे घातले. हातमोज्यांतून येतो.
वर्गात फळ्यावर वर्तुळ काढताना पण आला. खडू खाली ठेवला आणि हात शर्टाला पुसले. जीप चार भिंतींच्या आत कशी आली, हा प्रश्न टेक्निकल नाही, म्हणून इथं घेत नाही.

४ नोव्हेंबर
दिवाळी. मायाप्पानं मोठे टायर बसवायला चारी चाकं काढली, जीप दगडांवर चढवली आणि हुलजंतीच्या जत्रेला गेला. दोन दिवसांत येतो म्हणाला. माणूस भरवशाचा आहे.

२६ नोव्हेंबर, रविवार
मायाप्पा आला. टायर आणले, ट्रॅक्टरचे. जीपला लागत नाहीत. मडगार्ड कापू म्हणाला. कापले. तरी लागत नाहीत. त्याला विचारलं, जुनी चाकं लावून एकदा चालवत नेशील का रानापर्यंत, मी मागून एस.टी.नं येतो. तो पान्याकडे बघत म्हणाला, मास्तर, घाई कशाला, काम पक्कं हूं द्या.
आमचं दोघांचं चांगलं जमतं.

२४ डिसेंबर
वैनींकडे गेलो होतो. सोप्यात खिडकीजवळ ती सीट ठेवली आहे. खाली पाट, वर धुतलेली चादर. मला त्यावर बसा म्हणाल्या नाहीत, सतरंजी दिली. दोन कप चहा आला. एक मला दिला. दुसरा सीटजवळ ठेवला, आणि त्याची वाफ जाईपर्यंत मी माझा कप तोंडाला लावला नाही.
भीती वाटली. लिहितो सरळ. पण सगळ्यात वाईट म्हणजे, थोडा रागही आला. भाऊ माझाही होता की.
निघताना विचारलं, कधी जायचं, भावजी? म्हटलं, २१ तारखेला नक्की. पुण्याचा विंचवाला येतोय.

१४ जानेवारी १९७३, रविवार
संक्रांत. गड्ड्याच्या यात्रेला सगळं गाव. गेलो नाही, गाडीचं काम आहे. काम असं: जीप दगडांवर, चाकं भिंतीला, मडगार्ड कापलेले, बॅटरी जिथं चार्जिंगला दिली त्या दुकानाचं शटर बंद. आठवडा पुरे आहे. शांत डोक्यानं केलं तर पुष्कळ होतं.

२० जानेवारी
आठवडा पुरला नाही. चूक मायाप्पाची. थोडी टायरची.

२१ जानेवारी, सकाळ
वैनी उजाडताच आल्या. इरकल नेसलेल्या, टोपलीत बेल, फुलं, विभूती, डब्यात पुरणाची होळगी. दगडांवरची जीप बघितली. वाटलं, आता रागावतील. बरं झालं असतं. म्हणाल्या, असू दे भावजी. मंगळवेढ्याची पहिली एस.टी. सापडेल. तुम्ही चला की, मी एकटीच आहे.
म्हटलं, आज विंचवाला येणार आहे, मी घरी पाहिजे.
दाक्षायणी चौकटीत उभी होती. तिनं एक शब्द उच्चारला नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.
मायाप्पा टोपली घेऊन स्टँडपर्यंत सोडायला गेला.

दुपार
जीपमध्ये जाऊन बसलो. डावीकडे बघितलं. टूलबॉक्स. स्टिअरिंगवर हात ठेवले, हातमोजे काढून. काही नाही. नुसतं लोखंड, उन्हानं तापलेलं.
एवढ्या महिन्यांचं काम यशस्वी झालं म्हणायचं.
पुष्कळ वेळ तसाच बसलो. एकदा हळूच अण्णा म्हणून हाक मारली, पत्रा वाजतो का बघायला.

संध्याकाळ
मायाप्पा आला. वैनींना खिडकीची जागा मिळाली होती, पण त्या आतल्या बाजूला बसल्या म्हणाला. खिडकीकडच्या सीटवर कुणाला बसू देईनात. कंडक्टर भांडायला लागला तेव्हा त्यांनी दोन तिकिटं काढली.
मी म्हटलं, मी येत नाही हे त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, माझं कशाला काढलं?
मायाप्पा म्हणाला, तुमचं न्हवं ते, मास्तर.
नाल्याचं विचारलं. स्टँडवर गावचे लोक भेटले हुते, सायकलवरनं येत्यात नाल्यातनं, म्हणाला.
विंचवाला आला नाही. मी दिवसभर घरीच होतो.