चुन्याचे ठिपके

मंगळवार, दिवेलागणीले

सुनेनं ओलं फडकं मारून अ‍ॅम्प्लिफायरवरचे चुन्याचे ठिपके पुसले. माझा बबन तंबाखू-सुपारीचा खर्रा चुना लावून घोटता घोटता ते लावे, गिटार वाजवताना कोणतं बटन कुठवर फिरवाचं त्याची खूण. त्याच खर्र्यानं त्याचा जबडा खाल्ला. ऑपरेशनपासून बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडला राहते. उद्या ऑर्केस्ट्रावाले अ‍ॅम्प्लिफायर विकत मागाले येतील.

आज मीच बटनं शिकाले बसली. माइक लावून आवाज घुमवाचं एकोचं बटन पुरं पिळलं, तं डबा कुत्र्यावानी रडला. बबन उठला, माझा हात झटकला, बटन मागं आणलं. ठिपका होता बरोबर तिथं. मग पुन्हा भिंत.

सून म्हणते, "नेऊ द्या. त्यायले नाही पाह्यजे."

"त्यानं सांगितलं का वं तुले?"

जबडा गेला, मान शाबूत आहे. उद्या हो का नाही, बबननंच सांगाचं. सुनेनं गप राहाचं.