मीटरवरचं शून्य

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझ्या विद्यार्थ्यांना तुमचं नावही माहीत नाही. वाघोलीच्या कॉलेजात आता मीच प्रोजेक्टची गाइड आहे. यंदा चौघांच्या टीमने मल्टिलेव्हल कन्व्हर्टर करायला घेतलाय. एकसारखी छोटी मॉड्यूल्स ओळीने जोडायची आणि जिना चढावा तसं एकेक वाढवत हवं ते व्होल्टेज घडवायचं. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात स्वतःचा कपॅसिटर असतो आणि बटण बंद केलं तरी तो वीज धरून बसतो.

तुमची पद्धत मला पाठ आहे. सप्लाय बंद करायचा, लाकडी मुठीच्या सळईने एकेक कपॅसिटर रिकामा करायचा आणि मग पहिला हात गाइडचा, विद्यार्थ्याचा नंतर. आम्ही पाठीमागे हसायचो. मीटर असताना हे सोवळं कशाला, असं मी एकदा तोंडावर विचारलंही. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अहो, मीटर चुकला तर मीटरला काही होत नाही." वर आपल्याला घाई असेल तर आपण कॅन्टीनमध्ये बसावं, असंही सुनावलंत. आठवडाभर मी तुमच्याशी नीट बोलले नव्हते.

परवा दुपारी चाचणी संपली. मला मीटिंगला उशीर होत होता. सळई कपाटात होती आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे. मी मीटर लावला, तो मॉड्यूलच्या बाहेरच्या दोन टोकांना. शून्य. शून्यच येणार, सप्लाय गेला की आतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, ती टोकं एकमेकांना जोडून टाकतो आणि कपॅसिटर आत तसाच भरलेला राहतो. हे मी वर्गात आकृती काढून शिकवते, सर. "शून्य आहे, काढ आतलं सर्किट कार्ड," असं म्हणून मी फोन बघू लागले. ज्या मुलीने ते मॉड्यूल डिझाइन केलं, तिनेच हात घातला.

ती मागच्या बाकावर जाऊन आदळली. बोटं भाजली, जिवावरचं त्यावर निभावलं. विभागप्रमुखांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम थांब म्हणाल्या होत्या, मीच घाई केली." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी तिला टीममधून काढलं आणि लॅबमध्ये यायचं नाही म्हणून सांगितलं. बाकीची तिघं आता तिच्याच मॉड्यूलवर काम करतायत आणि मी त्यांना मार्गदर्शन करतेय. मला स्वतःची किळस येते.

आज तिचा मेसेज आला, हात बरा आहे, मॅडम तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. खराडीहून तिचे वडील उद्या माफी मागायला येणार आहेत, मुलीला परत घ्या म्हणून. मी 'बरं' एवढंच लिहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. विभागप्रमुखांची खोली माझ्या शेजारी आहे, दारही उघडं असतं. त्यांना सांगायचं ते मी तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.