उजव्या कानाची प्रगती

रविवार, १ जून
आज कान टोचला. उजवा. वरच्या कडेला, भिकबाळी घालतात तिथे. वय एक्कावन्न, रक्तदाब नॉर्मल, धैर्य नॉर्मलपेक्षा जास्त.

क्रम लिहून ठेवतो, नंतर घरात वाद नको. कान गीतांजलीला टोचायचा होता. तिला बेंगळुरूला नोकरी लागली आहे, ९ ऑगस्टला निघायचं, त्याआधी हे करायचं होतं. मुलगी एकटी कशी जाईल म्हणून मी सोबत गेलो. (बेंगळुरूला ती एकटीच राहणार आहे. पण नेरूळहून शिरवण्याला एकटी जाणं वेगळं.) तिथे ती हसत म्हणाली, बाबा, तुम्हीपण करा. तिला वाटलं मी नाही म्हणेन. मी सरळ जाऊन खुर्चीत बसलो. मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दहावीनंतर पहिल्यांदाच ती माझ्याकडे एवढा वेळ बघत होती.

स्टुडिओ सोनलचा. शिरवणे गावातलीच मुलगी, स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर दवाखान्यासारखी स्वच्छ जागा. तिने आम्हा दोघांनाही टायटॅनियमची बारीक सरळ काडी घातली. पुढे मणी, मागे चपटी चकती. मला काडी लांब वाटली, तसं सांगितलं. सोनल म्हणाली, काका, ती मुद्दाम लांब हाय. आता सूज येनार, तिला जागा पायजे. सूज उतरली की मोजून छोटी टाकू. तवर बाळी नाय. बाळी हलते, मग भोक भरत नाय.

किती दिवस विचारलं तर म्हणाली, वरचा कान हाय, सहा मैने तरी. वर्षपन लागतं.

हे ॲव्हरेज माणसाचं. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी चौथ्या दिवशी जिना चढलो होतो.

टार्गेट: ९ ऑगस्टला भिकबाळी घालून मुलीला एअरपोर्टवर सोडायचं. दहा आठवडे आहेत. आमच्या घराण्यात कोणी भिकबाळी घातल्याची नोंद नाही. न घातल्याचीही नाही.

सोमवार, २ जून. सकाळी ७.१५
दिवसातून दोनदा सलाइनचा स्प्रे मारायचा, बाकी हात लावायचा नाही, असा नियम आहे. स्वतःच्या कानाची मागची बाजू स्वतःला दिसत नाही, ही निसर्गाची मोठीच चूक. त्यामुळे माझा कान गीतांजली करते. बाल्कनीच्या उजेडात मला स्टुलावर बसवलं, मान वाकडी करायला लावली, स्प्रे मारला, स्वच्छ गॉजने टिपलं. दहा मिनिटं लागली. तेवढ्यात तिने ऑफरमधला पगार, रूममेट आणि तिथला डोसा अशा तीन विषयांवर माहिती दिली.

मला सकाळी एवढा वेळ घालवणं परवडत नाही. पण तिला आवडतंय तर करू दे.

गुरुवार, ५ जून
उजव्या कुशीवर झोपायचं नाही. मी जन्मापासून उजव्या कुशीवर झोपतो. उपाय: प्रवासात गळ्यात घालतात ती उशी घेतली, भोकात कान ठेवून झोपायचं. बायको, म्हणजे सुनीती, म्हणाली, रोज रात्री वाटतं तुमची फ्लाइट आहे.

हेल्मेटने कान घासतो. महिनाभर स्कूटर बंद, बसने जायचं ठरवलं.

शुक्रवार, ६ जून
बसला वेळ लागतो. स्कूटर चालू. हेल्मेट हळू घालायचं ठरवलं.

बुधवार, ११ जून
ऑफिसमध्ये सगळ्यांच्या नजरा कानावर. स्टोअर्समधल्या अंकुशने काळजीने विचारलं, सर, मशीन कधी बसवलं, आता नीट ऐकू येतं का. मग दिवसभर तो माझ्याशी मोठ्याने बोलत होता. मी दुरुस्त केलं नाही. प्रत्येकाला भिकबाळीचा इतिहास सांगत बसणार कुठे.

रविवार, १५ जून
दोन आठवडे. गीतांजलीचा कान शांत. माझा थोडा लाल. याचा अर्थ माझ्या कानात रक्तपुरवठा जास्त आहे.

सकाळी स्प्रे मारताना गीतांजलीने विचारलं, बाबा, हे पिवळं काय आहे. मी खरं सांगितलं. हळद आणि खोबरेल तेल, मीच लावतो, चार दिवस झाले. आणि काडी सकाळ-संध्याकाळ फिरवतो, म्हणजे चिकटत नाही. लहानपणी सगळ्या पोरांचे कान असेच बरे झाले. ती शांतपणे म्हणाली, त्या पोरांना कोणी विचारलंय का. गरम पाण्यात गॉज भिजवून अर्धा तास हळद काढत बसली. या वेळात तिने तिच्या एका मैत्रिणीचं लग्न कसं मोडलं ते सविस्तर सांगितलं. हे मला एरवी कधीच कळलं नसतं. एका अर्थी हळदीचा फायदा झाला.

हळद बंद. फिरवणं कमी.

रविवार, २९ जून
कानाच्या मागे मोहरीएवढी पुळी. गीतांजलीने फोटो काढून सोनलला पाठवला. सोनलचं उत्तर आलं, काकांना सांग हात लावू नका, काडी कुठेतरी अडकतेय. खरंच अडकते. टॉवेलला, बनियनला, एकदा सुनीतीच्या शालीला. म्हणजे दोष काडीच्या लांबीचा आहे. हे मी १ जूनलाच बोललो होतो.

रविवार, १३ जुलै
सहा आठवडे झाले म्हणून दोघं शिरवण्याला. मोजमापाचा दिवस.

गीतांजलीची सूज पूर्ण उतरलेली. सोनलने तिची काडी काढून मापाने छोटी घातली. कानाला अगदी बसली, जशी काही तिथेच उगवली होती. आतून भरायला अजून वेळ हाय म्हणाली, पण काम झकास चाललंय. दोघींनी टाळी दिली.

मग माझा नंबर. सोनलने बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. म्हणाली, काका, तुमची सूज हायच. छोटी टाकली तर कानात रुतंल. आता हीच राहू द्या, तीन आठवड्यांनी बघू.

मला नापास केलं. मुलीसमोर.

सोनलची आजी गोजराबाई दाराशी बसून मेथी निवडत होती. तिच्या दोन्ही कानांच्या कडेने ओळीने भोकं, प्रत्येकात सोनं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, तुजा कान हाय का देवळाची घंटा, येता-जाता हात लावतंस. मी हात खाली घेतला. तोपर्यंत तो कानावर होता हे मला माहीत नव्हतं.

परत येताना गीतांजली म्हणाली, नाही झालं ९ तारखेपर्यंत तर काय बिघडतं, बाबा. मी म्हणालो, काही नाही. पण बिघडतं. बावीस वर्षांत तिच्याबरोबर केलेली ही एकच गोष्ट आहे जी तिने मला करायला सांगितली. ती अर्धवट ठेवून तिला कसं पाठवू.

बुधवार, १६ जुलै
भिकबाळी तयार. बाबासो सोनारांनी काय काम केलंय. दोन मोती, मधे लाल खडा. बाबासो कोल्हापूरकडचे, माणूस स्पष्ट. माझा कान बघून म्हणाले, साहेब, ह्यो कान अजून ओला दिसतोय की. मी नाही घालणार बघा. मी सांगितलं, स्टुडिओची परवानगी आहे. तशी ती होतीच. सोनलने फक्त बोलून दाखवली नव्हती.

बाबासोंनी दोनदा विचारलं, मग काडी काढून बाळी घातली. डोळ्यांत पाणी आलं, ते मोत्यांची चमक बघून.

तर्क साधा आहे. लांब काडीने त्रास होतो. बाळीला काडीच नाही. आणि टायटॅनियम हा परका धातू, सोनं शरीराला ओळखीचं.

घरी आल्यावर सुनीतीने बघितलं आणि ती कणीक मळायला गेली. गीतांजली ऑफिसच्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये होती. तिला ९ तारखेला सरप्राइज द्यायचं ठरवलं. म्हणजे चोवीस दिवस कान झाकून ठेवायचा.

गुरुवार, १७ जुलै. सकाळी ७.१५
डोक्याला मफलर. गीतांजलीला सांगितलं की आता स्प्रे माझा मी मारेन, मला जमायला लागलंय. तिने विचारलं, नक्की? मी म्हणालो, हो. ती बरं म्हणून आत गेली. स्टुलावर एकटाच बसलो. मागची बाजू दिसत नाही.

शनिवार, १९ जुलै
कान जरा फुगलाय. गरम आहे. बाळीचा वरचा भाग कातडीत गेल्यासारखा वाटतो, पण तो फिटिंगचा भाग असावा. जुलै महिन्यात मफलर का, असं शेजारच्यांनी विचारलं. घसा म्हणालो.

सोमवार, २१ जुलै
अंग कसकसतंय. कान आता मुद्दाम न बघताही आरशात दिसतो. ऑफिसमध्ये अंकुश म्हणाला, सर, मशीन सूट होत नाहीये तुम्हाला.

आज लवकर झोपायचं. उद्या नक्की उतरेल.

मंगळवार, २२ जुलै
सकाळी गीतांजलीने मफलर ओढून काढला. बघितलं. तिने सोनलला फोन लावला. सोनल म्हणाली, आता माझ्याकडं नको, सरळ डॉक्टरकडं न्या, आत्ताच्या आत्ता. वरच्या कानाचा भरवसा नाय, आतलं सडलं तर आकार जातो.

सेक्टरमधल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सुई देऊन बाळी कापून काढली. एक मोती जमिनीवर पडला आणि कॉटखाली गेला, तो कोणी शोधला नाही. इंजेक्शन, सात दिवसांच्या गोळ्या. दोन दिवस उशीर झाला असता तर ॲडमिट केलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर लोक घाबरवतात. मी घाबरलो.

गीतांजली तीन तास शेजारच्या खुर्चीत बसून होती. ट्रेनिंग बुडवलं. रिक्षात ती रडली. म्हणाली, मला बाळीशी काय करायचंय, बाबा, मी गंमत म्हणून बोलले होते. मला फार वाईट वाटलं. रिक्षावाल्याला उगाच डावीकडे घ्यायला सांगितलं. घर उजवीकडे होतं.

बुधवार, २३ जुलै. सकाळी ७.१५
डॉक्टरांनी ड्रेसिंग रोज करायला सांगितलंय. गीतांजली करते. स्टूल, बाल्कनी, मान वाकडी. आज काही बोलली नाही.

शुक्रवार, २५ जुलै
आज बोलली. रूममेटकडे मांजर आहे म्हणे.

रविवार, ३ ऑगस्ट
सोनलला कान दाखवला. सूज नाही, आकार शाबूत. भोक बुजलं. म्हणाली, काका, नशीब काढलंत. परत करायचं तर सहा मैने थांबा, आनि तेव्हा माझं ऐकायचं असंल तरच या.

परवापासून ड्रेसिंगचीही गरज नाही. तसं गीतांजलीने जाहीर केलं. मी म्हणालो, डॉक्टरांना एकदा विचारून घेऊ. ती म्हणाली, विचारलं.

कान फारच लवकर बरा झाला. माझी शरीरप्रकृती पहिल्यापासून अशीच.

शनिवार, ९ ऑगस्ट
एअरपोर्टवर सोडलं. केस मागे बांधले होते, कानातली छोटी काडी छान दिसत होती. सुनीतीने तिला सलाइनच्या दोन बाटल्या दिल्या. मी दिल्या असत्या तर आत काय भरलंय याबद्दल प्रश्न आले असते. ती गेटमधून आत गेली, वळून हात केला. मी दोन्ही हात केले. सुनीती रडली. मी गाडीत बसल्यावर.

रविवार, १० ऑगस्ट. सकाळी ७.१५
लवकर जाग आली. बाल्कनीत स्टुलावर बसलो. रविवार, सोसायटीत सामसूम. बराच वेळ करायला काही नव्हतं.

गीतांजलीला फोन लावला. सांगितलं की कान पुन्हा जरा ठणकतोय, म्हणून विचारायला केला. ती झोपेतून उठून बसली. काळजीने म्हणाली, व्हिडिओवर या, दाखवा. मी उजेडाकडे तोंड करून बाल्कनीच्या कठड्याशी कान नीट धरला. तिने मागून दाखवा, वरून दाखवा सांगितलं. तसं दाखवलं. कुठे दुखतंय विचारलं. बोट ठेवून दाखवलं.

तिने फोन डोळ्यांजवळ घेतला. मग म्हणाली, बाबा, हा डावा आहे.

मी म्हणालो, हो, तुलना करायला आधी डावा दाखवत होतो.

ती हसली नाही. म्हणाली, उजवा उद्या दाखवा, याच वेळेला. मग उठलीच आहे तर म्हणून मांजराचं सगळं सांगितलं.

म्हणजे आता उद्याही सव्वासातला उठणं आलं. या मुलीला माझ्या वेळेची काही किंमतच नाही.